शून्य नंबरचा चष्मा

“आण तो चष्मा इकडं,” हे प्रबुद्धला म्हणाले. “तुह्या डोळ्यावर पाह्यला तर डॉक्टरले उगाच शंका यायची.”

रेल्वे हॉस्पिटलात डोळ्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. प्रबुद्धने डोळ्यांवरचा पिवळसर काचांचा चष्मा काढून पप्पांच्या हातात दिला. ह्यांनी तो धुतलेल्या रुमालात गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मग शेजारच्या अनोळखी माणसाला आपण होऊन सांगितलं, “कंप्यूटर का चश्मा है. जीरो नंबर. बच्चा पढ़ता बहुत है ना.”

मी फरशीकडे बघत होते. त्या चष्म्यात शून्य नंबर नव्हता. पावणेदोन होता, दोन्ही डोळ्यांना. आमच्या तिघांपैकी दोघांना ते माहीत होतं, आणि तिसरा माणूस छातीवर हात ठेवून खिसा सांभाळत बसला होता.

आधीच सांगते, मी काही गरीब गाय नाही. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर उशिरा आला तर ड्रायव्हर माझं घर आलं की मान खाली घालतो. माझी सासू भीमाबाई म्हणायची, सुवर्णाच्या तोंडाला दार नाही. प्रेमानेच म्हणायची, पण खरं तेच म्हणायची. अशा बाईने एक गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवली. मला विचाराल तर माझाच विश्वास बसत नाही.

आम्ही मूळचे बदनेऱ्याचे. सासरे तिथे इंजिनात कोळसा टाकायचे. गाडी चालवायची त्यांना फार हौस, पण कोळसा टाकता टाकताच रिटायर झाले. त्यांचा मुलगा शेषराव तायडे, म्हणजे आमचे हे, लोको पायलट झाले. भरती अजमेरकडची लागली म्हणून बदनेऱ्याचा माणूस जयपूरला आला आणि अठ्ठावीस वर्षं इथेच राहिला. पहिल्यांदा पॅसेंजर गाडी घेऊन निघाले तेव्हा सासरे गाडीच्या पहिल्या डब्यात बसून रेवाडीपर्यंत गेले होते. मुलगा चालवतोय त्या गाडीत बसायचं म्हणून! उतरल्यावर इंजिनाला हात लावून पाया पडले, मुलाला मात्र काही बोलले नाहीत. ही गोष्ट ह्यांनी मला लग्नानंतर इतक्या वेळा सांगितली की शेवटी मीच पुढचं वाक्य बोलायला लागले.

तेव्हा प्रबुद्धने काय व्हायचं, हे तो जन्माला यायच्या आधीच ठरलं होतं. आणि त्यालाही तेच व्हायचं होतं, हे मी शपथेवर सांगते. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. लहान असताना पप्पांची हिरवी झेंडी उशाशी घेऊन झोपायचा.

आता चष्म्याचं सांगते. लोको पायलटच्या भरतीला चष्मा चालत नाही. नोकरीत लागल्यावर पुढे वय झालं, नंबर आला, तर चालतो. पण भरतीच्या दिवशी मोकळ्या डोळ्यांनी सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे. आमच्या रेल्वेच्या लोकांत म्हणून पोरांचे डोळे फार जपतात. एखाद्या घरी पोराला चष्मा लागला की बायका हळू आवाजात बोलतात, जणू त्या घरात काही अशुभ घडलंय.

प्रबुद्ध कॉलेजात असताना सगळं शिकणं कंप्युटरवर आलं. दिवसभर स्क्रीन, मग मोबाइल, मग परत स्क्रीन. डोळे लाल, कपाळ दुखतंय. एक दिवस दूध आणायला निघाला आणि समोरून येणारी मी त्याला ओळखूच आले नाही. हे ड्यूटीवर होते. मी पोराला घेतलं आणि मुरलीपुरा सोडून थेट वैशाली नगरला एका चष्म्याच्या दुकानात गेले, का तर आपल्या भागात कुणी बघायला नको. दुकानदाराने डोळे तपासले. पाऊण नंबर निघाला.

“नंबर है तो चश्मा पहनना पड़ेगा, आंटी,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बाबा, चष्मा दिसला तर घरात आग लागेल. तो हसला. त्याने एक फ्रेम काढली, हलक्या पिवळ्या काचांची. म्हणाला, हे कंप्युटरवाले चष्मे आहेत, स्क्रीनच्या उजेडाने डोळे शिणू नयेत म्हणून सगळी पोरं वापरतात. ह्यातच नंबर टाकून देतो, बघणाऱ्याला कळणारही नाही. आणि आंटी, इससे नंबर बढ़ेगा नहीं.

त्याने ‘वाढणार नाही’ म्हटलं. मी ‘उतरेल’ ऐकलं. आईचे कान असेच असतात, दुसरं काय.

दोन दिवसांनी हे घरी आले. पोराच्या डोळ्यांवर चष्मा बघून पायातले बूट काढायचे थांबले.

“हे काय?”

“कंप्युटरचा आहे,” मी म्हटलं. “नंबर-बिंबर काही नाही. डोळे जपायला.”

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बूट काढला. “चांगलं केलं तू. मी तेच म्हणणार होतो,” म्हणाले. बस, एवढंच. चष्मा हातातही घेतला नाही. मी सांगितलं म्हणजे झालं.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सांगायला काय झालं होतं? तर ऐका. गाडी चालवणाऱ्याच्या बायकोला काही गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि रेल्वे त्या शिकवते. वर्षातून एकदा आम्हा बायकांना बोलावतात, समोसा-चहा देतात आणि साहेब माइकवरून सांगतात की तुमचा नवरा हजार-दीड हजार माणसं घेऊन निघतो. घरून निघताना त्याच्याशी भांडू नका. वाईट बातमी सांगू नका. परत आला की आधी झोपू द्या. मी ते अगदी मनावर घेतलं. भीमाबाई बदनेऱ्याच्या घरी वारल्या तेव्हा हे गाडी घेऊन निघाले होते. मी लॉबीत, म्हणजे जिथे ह्यांची हजेरी लागते तिथे, फोन करून हात जोडले, म्हटलं गाडी पोचती होईपर्यंत ह्यांना सांगू नका. हे बदनेऱ्याला पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. आईचं शेवटचं तोंड दिसलं नाही. मला वाटलं आता मला उभं जाळतील. तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बरं केलं तू. माह्या मागं अकराशे लोकं होते.”

त्या दिवसापासून ह्यांनी माझ्या गप्प बसण्यावरसुद्धा विश्वास ठेवला. आणि मी त्याच विश्वासाच्या जिवावर पोराचा नंबर लपवला. निघताना सांगायचं नाही. आल्यावर झोपू द्यायचं. उठले की पुढच्या ड्यूटीचा फोन. सांगायला वेळच सापडत नाही, असं मी स्वतःला समजावत राहिले. खोटं कशाला बोलू? वेळ सापडला असता. मला त्यांचा पडलेला चेहरा बघवला नसता, एवढंच खरं.

खरा तमाशा गच्चीवर व्हायचा. आमच्या गच्चीवरून रेल्वेची लाइन दिसते, आणि लाइन जिथे वळते तिथला सिग्नल नेमका आमच्याकडे तोंड करून आहे. गाडी चालवताना पायलट आणि त्याचा असिस्टंट समोर दिसेल तो सिग्नल हात उंच करून एकमेकांना मोठ्याने सांगतात. तशी पद्धतच आहे. संध्याकाळी हे घरी असले की पोराला वर न्यायचे. “काढ तो चष्मा. मोकळ्या डोळ्यानं पाह्य. सिग्नल?”

लाल आणि हिरवा त्याला कळायचा. रंगाचा ठिपका तर ठिपका. पण तिथे पिवळेही दोन प्रकारचे लागतात. एक पिवळा दिवा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवा, आणि एकावर एक दोन पिवळे म्हणजे नुसतं सावध व्हा. तिथंच घोडं पेंड खायचं. प्रबुद्धला दोन दिवे मिळून एकच पिवळा गोळा दिसायचा. मग मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने त्याच्या मागे उभी राहायची आणि पाठीला बोट लावायची. एकदा टोचलं तर एक, दोनदा टोचलं तर दोन.

“दो पीला!” पोरगा हात वर करून ओरडायचा.

“शाब्बास! घारीची नजर आहे माह्या पोट्ट्याची!” हे एवढ्या जोराने म्हणायचे की शेजारची कस्तुरी भाभी आपल्या गच्चीवरून हसायची. पोरगा हसायचा, मीही हसायची. आणि मग खाली येऊन मोरीत नळ सोडून रडायची. एकदा प्रबुद्धने मला तसं बघितलं. म्हणाला, “मम्मी, मी सांगून टाकू का?” मी म्हटलं, उद्या पप्पांची पहाटेची ड्यूटी आहे. परवा बघू.

वर्षभराने नंबर पावणेदोनवर गेला. तीच फ्रेम, तोच पिवळा रंग, काचा नव्या. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं झालं, गाजराचा रस झाला, पार्कातल्या दवात अनवाणी चालणं झालं. नंबर काही ऐकेना.

एक दिवस मात्र दैवाने समोर आणून ठेवला होता. हे ड्यूटीला निघाले होते, मी डबा घेऊन दारात. प्रबुद्ध म्हणाला, “पप्पा, टेक्निशियनचा फॉर्म निघाला आहे. मतलब, भरून टाकू का? लास्ट डेट आहे.”

टेक्निशियनला, म्हणजे रेल्वेच्या दुरुस्तीच्या कामाला, चष्मा चालतो. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं.

“काहून?” हे म्हणाले. “दोन दगडावर पाय ठेवशीन तर दोन्हीकडून जाशीन. पायलटचाच अभ्यास कर.”

प्रबुद्धने माझ्याकडे बघितलं. अजून ती नजर मला दिसते. मी एक वाक्य बोलायचं होतं. डबा पुढे केला आणि म्हटलं, “उशीर होऊन राहिला, निघा तुम्ही.” चोरून भरावा तर भरतीच्या वेबसाइटवरच्या त्याच्या खात्याचा ओटीपी ह्यांच्याच मोबाइलवर यायचा. तारीख गेली.

आणि पोरगा पायलटची परीक्षा पास झाला! पहिली झाला, दुसरी झाला, रेल्वेवाले जिला सायको म्हणतात ती डोकं तपासायची परीक्षासुद्धा झाला. तिच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागत होता. जयपूरबाहेर चाकसूला एक डॉक्टर बघितल्यासारखं करून लिहून देतो असं कोचिंगच्या पोरांकडून कळलं, मी पोराला घेऊन तिथे गेले. हेही मीच केलं. मेडिकलच्या तक्त्यातल्या ओळी पोरं पाठ करून जातात असंही कळलं, तर हा स्वयंपाकघरात माझ्यासमोर त्या अक्षरांची घोकंपट्टी करायचा. ह्यांनी लॉबीत सगळ्यांना सांगितलं. साहेबांना सांगितलं. बदनेऱ्याला फोन करून भावाला सांगितलं की आमची तिसरी पिढी इंजिनावर चढणार.

“प्रबुद्ध शेषराव तायडे!” आतून हाक आली.

पोरगा उठला. ह्यांनी त्याची कॉलर सरळ केली. “घाबरू नको. जे दिसते ते सांग,” म्हणाले. दार अर्धवट उघडंच होतं. अठ्ठावीस वर्षांचा ओळखीचा माणूस म्हणून ह्यांना दाराशी उभं राहू दिलं, आणि ह्यांच्या खांद्यामागून मी बघत होते.

भिंतीवर तक्ता नव्हता. स्क्रीन होता. डॉक्टर मॅडम हातातलं बटण दाबायच्या आणि अक्षरं बदलायची. एवढी पाठ केलेली अक्षरं सगळी वाया. प्रबुद्धने एका डोळ्यावर हात ठेवला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीला थांबला. पाठ केलेलं काहीतरी म्हणाला. मॅडमनी परत बटण दाबलं. तो पुन्हा तेच म्हणाला. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“अनफिट,” म्हणाल्या. “नंबर है बच्चे को.”

हे सरळ आत गेले. “मैडम, एक बार फिर देख लीजिए. रात भर पढ़ा है, आँख थकी होगी.”

“अंकल, थकने से इतना नहीं होता. चश्मा नहीं लगाता क्या?”

“नहीं जी. नंबरवाला कभी लगा ही नहीं. एक कंप्यूटरवाला है, जीरो नंबर.” आणि ह्यांनी खिशाचं बटण काढलं. “ये देखिए. आप मशीन पे लगा के देख लो. अपने आप पता चल जाएगा.”

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. अहो, थांबा, म्हणायला हवं होतं. ज्या तोंडाला दार नाही ते तोंड माझं उघडलंच नाही. ह्यांनी रुमाल उलगडला, काचा एकदा पुसल्या आणि चष्मा दोन्ही हातांनी मॅडमना दिला. कोपऱ्यात काचेचा नंबर सांगणारं यंत्र होतं. मॅडमनी त्यात चष्मा लावला, एक काच बघितली, दुसरी बघितली.

“पौने दो,” त्या म्हणाल्या. “दोनों में. माइनस.”

“मशीन में कुछ गड़बड़ होगी.”

“मशीन ठीक है, अंकल.” आवाज मऊ होता त्यांचा. बाईला समजलं असावं. प्रबुद्ध स्टुलावर बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

हे चष्मा घेऊन बाहेर आले. बाकावरचे सगळे ऐकत होते. मघाचा तो शेजारीही.

“सुवर्णा, हा प्रबुद्धचाच आहे ना? बदलला तर नाही कुठं?”

“त्याचाच आहे.”

ह्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि मग चेहरा एकदम उजळला. खरंच उजळला! “म्हणजे त्या दुकानदारानं फसवलं तुले,” म्हणाले. “शून्य सांगून नंबरच्या काचा घातल्या हरामखोरानं! म्हणून पोट्ट्याचे डोळे बिघडले! कुठलं दुकान आहे ते? चाल, आत्ताच्या आत्ता जाऊ. मी सोडत नाही त्याले.” मग उघड्या दारातून आत ओरडले, “मैडम, आप लिख के दीजिए, मैं केस करूँगा उस पर!”

दोन वर्षं खोटं बोलले, पण एवढं कठीण मला कधी गेलं नाही. ह्यांनी माझ्यासाठी वाट करून दिली होती. मी नुसती मान हलवली असती तर सुटले असते. चूक दुकानदाराची, मी भोळी, पोरगा बिचारा. ह्यांनी आनंदाने मानलं असतं. माझ्यावर शंका घेण्यापेक्षा सगळ्या जगाला चोर ठरवायला हा माणूस तयार होता. आणि पाच वाजता ह्यांची ड्यूटी होती. निघायच्या आधी वाईट बातमी सांगायची नाही.

“नाही हो,” मी म्हटलं. “त्यानं नाही फसवलं. नंबर मीच घालायला सांगितला होता. मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“म्हणजे?”

“प्रबुद्धले आधीच नंबर होता. तुमच्यापासून लपवायला मी कंप्युटरचा म्हणून सांगितलं.”

“गच्चीवरून तर तो...”

“मी मागून सांगायची.”

मला वाटलं, आता हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं. ते तसेच उभे राहिले. बाकावरच्या लोकांकडे एकदा बघितलं, ज्यांना मघाशी जीरो नंबर, जीरो नंबर म्हणून सांगत होते. मग प्रबुद्ध बाहेर आला. ह्यांनी चष्म्याच्या काड्या उघडल्या आणि चष्मा त्याच्यापुढे धरला.

“घाल,” म्हणाले. “पायऱ्या आहेत.”

प्रबुद्ध बसने येतो म्हणाला. मी स्कूटरवर मागे बसले. एरवी सीकर रोडभर माझी टकळी ह्यांच्या कानाशी चालू असते, आणि हे हेल्मेटमधून “हं, हं” करत असतात. त्या दिवशी मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचीही हिंमत केली नाही. मागची लोखंडी कडी धरून बसले. तीन ठिकाणी सिग्नलला थांबलो. लाल दिव्याकडे बघत हे प्रत्येक वेळी गाडी बंद करायचे आणि चालू करायचे.

घरी आल्यावर मी हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागले. वरण लावलं, पोळ्या केल्या. हात आपले काम करत होते. ह्यांची ड्यूटीची बॅग कोपऱ्यात भरून तयार होती. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा फोनवरचा आवाज आला.

“हाँ, तायडे बोल रहा हूँ. आज मेरे को मत चढ़ाना.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “नहीं, बुखार नहीं है. मन ठिकाने पर नहीं है. ऐसे में गाड़ी नहीं ले जा सकता. जो लिखना है लिख लो.”

तव्यावरची पोळी करपली. अठ्ठावीस वर्षांत तापात गेले, पाठ धरली होती तेव्हा गेले, धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेले. हे शब्द ह्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. मी इतकी वर्षं ह्यांचं मन ठिकाणावर राहावं म्हणून जे जे केलं, त्याचंच हे फळ.

तेवढ्यात प्रबुद्ध आला. चपला काढून दाराशीच उभा राहिला. चष्मा डोळ्यांवर होता.

“पप्पा, सॉरी.”

“बस.”

तो जमिनीवर बसला. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. चष्म्यातला पोरगा पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

“एक सांग मले. खरं सांग. तुले ही नोकरी करायची नव्हती का? माह्या भीतीनं परीक्षा देत होता?”

“नाही, पप्पा. करायची होती. तुमच्यापेक्षा जास्त करायची होती.”

हे मान हलवत राहिले. “मग सांगतलं काहून नाही बेटा? मी काय केलं असतं? एक दिवस जेवलो नसतो. दुसऱ्या दिवशी तुह्या टेक्निशियनचा फॉर्म मी सोता भरला असता.” ह्यांनी डोळ्यांवर हात दाबला. “तू विचारलं होतं मले. त्या दारात उभं राहून विचारलं होतं. मीच नाही म्हटलं. मले माहीतच नव्हतं मी कशाले नाही म्हणून राहिलो.”

प्रबुद्ध ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. बावीस वर्षांचा घोडा, हुंदके देऊन रडला. ह्यांनी त्याचा चष्मा हळूच काढून बाजूला ठेवला आणि केसांतून हात फिरवत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला कुणी बोलावलं नाही. मी माझ्या घरात माझ्याच माणसांना दारातून बघत होते.

पोरगा शेवटी आतल्या खोलीत जाऊन पडला. मी ताट वाढलं. हे जेवले. ओरडले नाहीत, ताट सरकवलं नाही. पोळी हवी का विचारलं तर “एक दे” म्हणाले. भाजीत मीठ कमी झालं होतं, तेही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, “सुवर्णा, बस इकडं.”

मी समोर बसले.

“आज ड्यूटी नाही मले. उद्याही नाही. आता सांग. अजून काय काय सांगायचं राह्यलं?”

“काहीच नाही.”

“आठवून पाह्य. चोवीस वर्ष झाले लग्नाले. आईचं तू सांगतलं नाही, ते मी समजलो. पोट्ट्याचं सांगतलं नाही. अजून काय असंन तर आजच सांग. मी ऐकून घेतो.”

“खरंच काही नाही हो. प्रबुद्धची शपथ. एवढं एकच होतं.”

हे खरं होतं. मी आठवून आठवून बघितलं, दुसरं काहीच नव्हतं. सगळं आयुष्य ह्या माणसासमोर उघडं टाकलेलं होतं, फक्त ते एक सोडून. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. आता ओळखतील, मला वाटलं. माझं खरं बोलणं ह्यांना कळायला हवं. चोवीस वर्षांत कधी कळलं नाही असं झालं नाही.

“बरं,” ते म्हणाले. परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले.

मी उठले. दुपारच्या जेवणानंतर ह्यांना ब्लडप्रेशरची गोळी असते. सहा वर्षं झाली, पट्टीतून गोळी काढून मी ह्यांच्या तळहातावर ठेवते आणि हे टीव्हीकडे बघत ती तोंडात टाकतात. गोळीचं नाव काय, रंग काय, ह्यांना आजही कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी पाण्याचा पेला आणला. ह्यांनी हात पुढे केला. मी गोळी ठेवली.

हात तोंडाकडे गेला नाही.

“पट्टी दाव,” म्हणाले.

मी पट्टी दिली. ह्यांनी खिडकीच्या उजेडात धरून तिच्यावरचं नाव वाचलं, एक-एक अक्षर जुळवत. मागे उलटवून तारीख वाचली. रागाने नाही, अगदी शांतपणे. मग गोळी घेतली, पाणी प्यायले, पेला मला परत दिला, आणि पट्टी स्वतःजवळ ठेवून घेतली.